शिक्क्याचा कागद आणि परड्यातली अंबाडी

मुळशीला जाऊन आले असं सांगितलं की हॉस्टेलवरच्या मुली आधी विचारतात, "धबधबे बघितलेस?" मी एकही धबधबा बघितला नाही. मी गेले तेव्हा पाऊस सरला होता, भातं पिवळी पडायला लागली होती आणि माझ्या पिशवीत चाळीस छापील कागद होते. त्या कागदांनी एका घरात काय केलं ते मी आमच्या सरांना सांगितलं आहे, पण नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रवासाबद्दल कसं लिहितात ते मला पुरतं ठाऊक नाही. जसं घडलं तसं लिहिते आहे.

निघण्याआधी

भाषाशास्त्राच्या वर्गात सरांनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. प्रत्येकाला एक शब्द. तो कुठून आला, कुठल्या भाषांत कसा गेला, ते शोधायचं. कोणाला 'साखर' आली, कोणाला 'संत्रं'. मी चिठ्ठी उघडली आणि परत मिटली. शेजारच्या मुलीने ती ओढून मोठ्याने वाचली, "भांग!" सगळा वर्ग हसला. मी तास संपेपर्यंत वर बघितलं नाही.

गावाकडे फोन केला तेव्हा आप्पांना, म्हणजे वडिलांना, मी सांगितलं की पिकांच्या नावांचा अभ्यास आहे. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. आमच्याकडे बालाघाटाच्या पायथ्याला लेकीने पुण्याला जाऊन गांज्यावर अभ्यास करायचा म्हणजे काय, हे मला त्यांना समजावता आलं नसतं.

ग्रंथालयात बसले तशी मात्र लाज कमी होत गेली. ग्रीक लोक या झाडाला 'कान्नाबिस' म्हणत, आणि तो शब्दही बहुधा त्यांनी उत्तरेकडच्या घोडेस्वार टोळ्यांकडून उचललेला. तोच शब्द उच्चार बदलत बदलत इंग्रजीत 'हेम्प' झाला असं अभ्यासक मानतात. कॅनव्हास हाही त्याचाच वंशज, कारण पूर्वी ते जाड कापड याच झाडाच्या धाग्याचं असे. मी टेबलाखाली वाकून माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघितलं. आपल्याकडे 'भंग' हा शब्द वेदकाळापासूनचा, आणि इराणकडे त्याचं भावंड 'बंग'. अरबी 'हशीश' म्हणजे नुसतं वाळलेलं गवत. आणि 'गांजा' तर बोटीत बसून वेस्ट इंडीजच्या बेटांवर गेला, आपल्याकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या माणसांबरोबर. ऊसतोडीला माणसं जातात तेव्हा काय काय घेऊन जातात हे मी आमच्या गावात दरवर्षी बघते. पीठ, पातेली, कोंबड्या, लेकरं. शब्दही जातात हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

सर म्हणाले, "पुस्तक झालं. आता एखाद्या भागात जा आणि माणसांकडून शब्द आण." माझी खोलीतली मैत्रीण सायली मुळशीची. धरणाच्या वरच्या अंगाला तिची वाडी. ती म्हणाली, "आमच्या घरी राहा. माझी प्रॅक्टिकल आहेत, मी येत नाही, पण आईला फोन करते."

मी कागद तयार केले. वर कॉलेजचा शिक्का, मध्ये झाडाच्या पानाचं चित्र, खाली रकाने: नाव, गाव, मोबाईल, या झाडाला काय म्हणता, हे झाड आपल्याकडे आहे का. मला वाटलं, किती व्यवस्थित काम आहे.

पौड

पौडच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन कडक होतं. तिथून वाडीची गाडी दुपारनंतर. स्टँडसमोर एक दोरखंडांचं दुकान दिसलं आणि मी हिय्या करून आत गेले. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. निळ्या, हिरव्या, पिवळ्या नायलॉनच्या गुंडाळ्यांनी दुकान भरलं होतं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून चित्र बघितलं, मग मला बघितलं.

"कुनाची गं तू?"

"कॉलेजची. शब्द गोळा करते."

"शब्द गोळा करतीस व्हय. मला वाटलं माल." आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी स्वतःच चहा मागवला.

चाचांनी मला बरंच सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी दुकानात तागाचं, अंबाडीचं, केकताडाचं म्हणजे घायपाताचं चऱ्हाट असायचं. शेतकरी दोरी विकत घेण्याआधी तिचा वास घ्यायचे. "आता नायलॉन. त्याला ना वास, ना पीळ. बैलाची मान कापतंय ते." कुठल्या वाडीला निघालेय ते ऐकल्यावर म्हणाले, "तितं आण्णा हायेत. ह्या पट्ट्यात अजून अंबाडीची दोरी वळणारा तो एकच गडी राह्यलाय. त्येला माझा सलाम सांग. आन् हे बघ, तो कागद जरा घडी घालून ठेव."

मी घडी घातली. का, ते विचारलं नाही.

वाडी

आण्णा म्हणजे सायलीचे आजोबा. घरात काका आणि काकू, म्हणजे तिचे आई-वडील, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली सायलीची मोठी बहीण कविता. नववा महिना भरत आलेला. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी काकांनी घराशेजारी दोन खोल्या बांधल्या आहेत. खोल्यांच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. मागे परडं, आणि परड्यात माझ्या डोक्याच्याही वर गेलेली हिरवीगार रांग.

मी थबकले. हाताच्या बोटांसारखी चिरलेली लांबट पानं. माझ्या कागदावरचंच चित्र.

"अंबाडी हाय," मागून आण्णा म्हणाले. "भिऊ नगं."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. अंबाडी तर माझी आई ज्वारीच्या पाटात, म्हणजे मधल्या ओळीत, दरवर्षी पेरते. पण आमच्याकडे आम्ही ती कोवळी असतानाच भाजीला खुडतो, तेव्हा पानं साधी गोल असतात. वरची पानं अशी चिरलेली होतात हे मी कधी निरखलंच नव्हतं. मी खोडाला हात लावला तर बारीक कुसं तळव्यात घुसली. आण्णांनी माझा हात उन्हात धरून ती एकेक करून काढली.

"पहिली पेरणी पावसानं व्हाऊन गेली. ही मागनं उरल्यालं सगळं बी घालून पेरली, म्हनून अजून फूल न्हाई. पंधरा दिसांनी पिवळं फूल येईल, मधी काळजावानी लाल ठिपका. फूल आलं की उपटायची, वढ्यात भिजत घालायची, मंग वाख काढायचा." वाख म्हणजे खोडाच्या सालीचा धागा. "कवितीच्या पाळण्याची दोरी करायचीया."

त्या घरात पाळण्याची दोरी विकत आणत नाहीत. घरची अंबाडी, आणि घरातल्याच माणसाने वळलेली दोरी. आण्णांनी काकांसाठी वळली, कवितासाठी, सायलीसाठी. बाळ पाळण्यातून उतरलं की त्याच दोरीचं घरातल्या वासराला दावं करायचं. आता गोठ्यात वासरू नाही, पण दोरी हवीच. बी आजीच्या हातचं. ती गेल्यालाही बरीच वर्षं झाली. दरवर्षी आण्णा दोन ओळी पेरतात आणि चार झाडं बियाला ठेवतात.

मी म्हणाले, "आमच्याकडे पाळणा नसतो. मला आईच्या लुगड्याच्या झोळीत वाढवलंय, शेतातल्या बाभळीला बांधून."

"लुगडं तर सगळ्यात चांगलं," आण्णा म्हणाले. "त्येला आईचा वास असतुया."

संध्याकाळी काकूंनी अंबाडीची भाजी केली, तांदळाच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. सोबत तांदळाची भाकरी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि भाजीत तुरीची डाळ. पण तो आंबटपणा जिभेवर आला आणि मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. मी तीन भाकरी खाल्ल्या. कविता म्हणाली, "दिवस मला गेल्यात का हिला?"

जेवताना काकांनी माझा कागद मागून घेतला आणि उजेडात धरला.

"ह्यो शिक्का कशाचा?"

"कॉलेजचा."

"सरकारी हाय कॉलेज?"

"म्हणजे... सरकारी अनुदान आहे."

"म्हंजे सरकारीच. आन् हे पान?"

"ते भांगेचं. अंबाडीचं पान त्याच्यासारखं दिसतं म्हणून अंबाडीच्या शास्त्रीय नावातही भांगेचं नाव जोडलंय, काका." मला माहीत असलेली गोष्ट सांगायला मिळाली म्हणून मी उत्साहाने सांगत सुटले. "लॅटिनमध्ये तसं लिहिलेलं आहे."

काकांचा घास हातात राहिला. "लिवल्यालं हाय?"

"हो. पण फक्त दिसायला सारखी, म्हणून."

"आवो, पावनी पोरं बी तेच इचारत्यात," काकू म्हणाल्या. "मागल्या रविवारी एकानं अंबाडीत हुबं ऱ्हाऊन फोटो काढला. डोळा मारून म्हनतो, काका, ये वही है ना?"

आण्णा हसले. कविता हसली. मीही हसले. काका हसले नाहीत, हे मला आता आठवतं.

धरणाकाठ

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आणि आण्णा कविताला घेऊन तपासणीला पौडला गेले. मी पाण्याच्या कडेने चालत निघाले. भाताच्या लोंब्या वाकलेल्या होत्या आणि पायवाटेवर इतका चिखल होता की माझा एक कॅनव्हासचा बूट रुतून बसला. तो उपसायला मला पाच मिनिटं लागली, आणि बाहेर आला तेव्हा त्याचा रंग ओळखू येत नव्हता.

पुढे एक पर्यटकांचं हॉटेल लागलं. मागच्या दाराशी स्वयंपाकी कांदे सोलत बसला होता. नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला, नाव दिलबहादूर. बूट धुवायला त्याने पाणी दिलं. मी भीत भीत कागद काढला. चित्र बघून त्याचा चेहराच उजळला.

"भाङो! दीदी, हमारे गाँव में इसके दाने भूनकर चटनी बनाते हैं। नींबू डालकर।"

मी विचारलं, त्याने नशा होत नाही का?

"दाने में नशा कहाँ? मेरी माँ खिलाती थी ठंड में।" मग त्याने हवेत बोटं फिरवून दाखवलं, आई सालीचा धागा कसा काढायची, त्याचं जाड कापड कसं विणायची, आणि त्या कापडाच्या झोळीत तो कसा पाठीवर बसून डोंगर चढायचा. सगळे शब्द मी लिहून घेतले. लिहिताना माझ्या लक्षात आलं की माझ्या आधीच्या टिपणांत हे झाड नशेचंच होतं. या माणसाच्या तोंडून ते पहिल्यांदा आईचं झालं.

नावाचा रकाना भरायला लागले तर त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "नाम मत लिखना, दीदी। नौकरी चली जाएगी।"

मी नाव खोडलं. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुपारी वाडीवर परतले तेव्हा परडं उघडं पडलं होतं. दोन्ही ओळी नव्हत्या. ओल्या मातीत खड्डे होते आणि पलीकडची धरणाची कड सरळ दिसत होती. काका ओट्यावर बसले होते, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"तू फारम भरायच्या आदी काढली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू चांगली पोरगी हायेस. पर कागद म्होरं जातो. कोन बघल, काय म्हनंल. खोल्या बंद पडल्या तर लेकीचं बाळंतपण कशावर काढू?"

'हे झाड आपल्याकडे आहे का', हा रकाना मीच छापला होता.

ओढा

पौडहून मंडळी आली. आण्णा गाडीतून उतरले आणि सवयीने परड्याकडे वळले. मग तिथेच उभे राहिले. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी पुढे होऊन म्हणाले, "आण्णा, माझ्यामुळे झालं. तो कागद..."

त्यांनी मला हाताने थांबवलं. काकांना विचारलं, "कुटं टाकली?"

"वढ्यात."

"व्हाऊन जायला?"

"न्हाई. वर तरंगली आस्ती तर दिसली आस्ती. डोहात दाबली. पेंढ्या बांधून, वर दगडं ठिवून."

आण्णा ओढ्याकडे चालू लागले. आम्ही मागोमाग. कविताही निघाली, तिला काकूंनी हाताला धरून मागे ठेवलं.

करंजाच्या सावलीत ओढा संथ होता. पाण्याखाली पेंढ्या दिसत होत्या. एकीला एक लागून, बुडखे सगळे एका अंगाला, अंबाडीच्याच सालीने दोन ठिकाणी बांधलेल्या, आणि वर सपाट दगड मापाने ठेवलेले. आण्णा बराच वेळ बघत राहिले. मग गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी एक दगड जरासा सरकवला, इतकंच.

"दत्तू," ते म्हणाले, "हे कुनी शिकिवलं रं तुला?"

काका हातावरचा चिखल खरवडू लागले.

"धा वरसाचा हुतास तवा माझ्यासंगं दाबायचास. तवापासनं हात लावला न्हाईस." आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "लपवाया गेला आन् भिजत घालून आला! आरं, माझं काम केलंस की! मला ह्या वयात पान्यात वाकाया लागलं आस्तं!"

काका आधी कसनुसे झाले, मग तेही हसले, आणि हसता हसता त्यांनी चिखलाच्याच हाताने डोळे पुसले.

पण आण्णांनी एक काडी ओढून काढली, तिची साल सोलली, मांडीवर पीळ देऊन ताणली. साल तुटली. दुसरी ताणली, तीही तुटली. ते आता हसत नव्हते. "कवळा हाय वाख. फूल याया पायजे हुतं." तिसऱ्या वेळी त्यांनी दोन साली एकत्र वळल्या. तुटली नाही. "तीन पेडाच्या जागी चार पेड घालू. जरा जाड हुईल." मग काठावर बसून हळूच म्हणाले, "बी मातूर गेलं. म्हातारीचं."

मी पिशवीतून उरलेले कागद काढले आणि फाडायला लागले. आण्णांनी ते माझ्या हातातून घेतले.

"फाडू नगं. मागली बाजू कोरी हाय. त्यावर लिव."

मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. वाख, पेड, पीळ, सोल, दावं, कासरा, चऱ्हाट, शिंकं. ढेरा, म्हणजे धागा कातायची लाकडी फिरकी. शिक्क्याची बाजू खाली होती.

त्या संध्याकाळी मी आप्पांना फोन केला.

"आप्पा, मी ज्याचा अभ्यास करते ना, ते पीक म्हणजे भांग आहे. गांजा. म्हणजे त्या शब्दाचा अभ्यास. मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं."

पलीकडे आई भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. मग आप्पा म्हणाले, "तुझ्या सरांनी दिलंय ना?"

"हो."

"मग नीट कर. रडतीस कशाला?"

मी ओढ्याची सगळी हकीकत सांगितली. शेवटी आप्पांनी एवढंच विचारलं, "बी किती लागतंय त्यांना?"

पुन्हा वाडी

पंधरा दिवसांनी परत गेले. या वेळी सायली सोबत होती आणि कागद नव्हते. कविताला मुलगी झाली होती, आठ दिवसांची. बारसं चार दिवसांवर आलं होतं.

पेंढ्या निघाल्या होत्या. कुजल्या सालीचा वास सगळ्या वाडीत पसरला होता आणि पाहुणी पोरं नाकाला रुमाल लावून फिरत होती. "आता इचारा म्हनावं, ये वही है ना," काकू म्हणाल्या. धुऊन वाळवलेला वाख ओट्यावर पसरला होता, फिकट, रेशमासारखा. कोवळा असल्यामुळे नेहमीपेक्षा मऊ निघाला, असं आण्णा म्हणाले.

दोरी वळायला दोन माणसं लागतात. एकाने टोक धरून पीळ देत मागे मागे जायचं, दुसऱ्याने पेड जुळवत बसायचं. पूर्वी मागे जाण्याचं काम आजीचं असे. या वेळी काकांनी टोक हातात घेतलं आणि ते अंगणातून उलटे चालत गेले, परड्यापर्यंत, रिकाम्या ओळींपर्यंत. दोरी चार पेडाची झाली. आण्णांनी ती आढ्याच्या वाशावर टाकली, स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं, मग काकांना लोंबकळायला लावलं. काका वजनाने भारी. वासा कुरकुरला, दोरी हलली नाही.

"आता पोरीला काय हुत न्हाई," आण्णा म्हणाले. उरलेली हातभर दोरी त्यांनी खांद्यावर टाकली.

मग मी पिशवीतून पुरचुंडी काढली. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली, आप्पांनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर धाडलेली. आण्णांनी गाठ सोडली, चार दाणे तळहातावर घेतले, वास घेतला, एक दाताखाली धरून फोडला.

"कुनी राखलंय?"

"आईनं. ती दरवर्षी राखते."

"काय म्हनत्यात तुमच्याकडं ह्येला?"

मला भांगेचे ग्रीक, फारसी, अरबी, नेपाळी शब्द येत होते. अंबाडीसाठी पुंडी असा कानडी शब्दही वहीत होता. मी म्हणाले, "अंबाडीच म्हणतो, आण्णा."

"मंग हितलीच हाय की," ते म्हणाले, आणि पुरचुंडी परत नीट बांधून त्यांनी ती त्या हातभर दोरीने आढ्याला टांगली, पाळण्याच्या बाजूला, पुढच्या पावसापर्यंत.